किती पानं?

ऑगस्ट २०२३ मध्ये कन्नड आणि चाळीसगाव यांच्यामधल्या औट्रम घाटातून जड वाहनांना बंदी झाली. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचा तो आदेश होता आणि त्यामागचं कारण कन्नडकरांना नव्याने सांगायला नको. घाट अरुंद, वळणं अवघड, पावसाळ्यात दरडींची भीती. ऑगस्ट २०२१ मध्ये तर एका रात्रीच्या पावसाने दरडी कोसळून रस्ताच बंद पडला होता. एखादा ट्रक वळणावर अडकला की वर कन्नडच्या बाजूला आणि खाली चाळीसगावच्या बाजूला रांगा लागत. रुग्णवाहिकासुद्धा त्यात अडकत. सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्गावरची अवजड वाहतूक मग नांदगावच्या वाटेने वळवली गेली. बोगद्याची मागणी जुनीच आहे.

या बंदीची चर्चा झाली ती वाढलेल्या अंतराची आणि डिझेलची. घाटाच्या अलीकडे रात्रभर पेटत्या असणाऱ्या भट्ट्यांकडे फारसं कुणी पाहिलं नाही. ट्रकवाला म्हणजे ढाब्याचं नेमाचं गिऱ्हाईक. घाट उतरायच्या आधी किंवा चढून आल्यावर तो थांबणार, हे रस्त्याच्या रचनेनेच ठरवलेलं असतं. तो भरपेट जेवतो, मेन्यूकार्ड मागत नाही, आंघोळीला पाणी आणि टेकायला खाट मिळाली की पुढच्या फेरीलाही तिथेच थांबतो. त्याच्या जागी मोटारीतून आलेलं कुटुंब बसलं तर गल्ला कदाचित तेवढाच भरेल, पण आतलं स्वयंपाकघर पार बदलावं लागतं. कुटुंबाला स्वच्छतागृह हवं, लहान मुलांना कमी तिखट हवं, पाण्याची बाटली हवी. वेरूळ पाहून निघालेली, पितळखोऱ्याला किंवा गौताळ्याच्या जंगलात पावसाळ्यात आलेली ही मंडळी शनिवार-रविवारी झुंबड करतात आणि मंगळवारी फिरकत नाहीत. महामार्ग रुंद झाला, वळणरस्ता शहराबाहेरून गेला, तेव्हा गावातल्या हॉटेलांनी असाच एक धक्का पचवला होता. ढाब्यांच्या वाट्याला तो नंतर आला.

इथून पुढे मी जे लिहिणार आहे ते एका तालुक्याच्या गावातल्या चुलींबद्दल आहे. कन्नडसारख्या गावात घराबाहेर जेवण शिजवण्याचे किती प्रकार चालतात हे मोजायला बसलं तर चकित व्हायला होतं. महामार्गावरचा ढाबा, बसस्थानकाजवळची नाश्त्याची गाडी, विद्यार्थ्यांची मेस, लग्नाचा आचारी, सप्ताहाचा महाप्रसाद, शिवभोजन केंद्र, जिल्हा परिषदेच्या शाळेतली खिचडी. हॉटेल व्यवस्थापनाच्या पुस्तकात यांची विभागणी नफ्यासाठीची आणि बिगरनफ्याची, किंवा जागेवर शिजवणारी आणि मध्यवर्ती स्वयंपाकघरातून पाठवणारी अशी केलेली असते. ती चुकीची नाही. पण चुलीजवळ उभं राहिल्यावर मला दुसरीच विभागणी खरी वाटते. प्रत्येक स्वयंपाकघरापुढे रोज सकाळी एकच प्रश्न असतो: आज किती पानं? कुणाला याचं उत्तर आदल्या रात्रीच ठाऊक असतं, कुणाला शेवटची पंगत उठेपर्यंत कळत नाही. आणि अंदाज चुकला तर भुर्दंड कुणाच्या खिशातून जायचा, यावर त्या स्वयंपाकघराचं सगळं व्यवस्थापन उभं असतं.

ढाब्याला उत्तर ठाऊक नसतं. म्हणून त्याचं स्वयंपाकघर असं बांधलेलं असतं की काहीही मागितलं तरी दहा मिनिटांत पानात पडावं आणि कुणीच आलं नाही तरी फार वाया जाऊ नये. भिंतीवरच्या फलकावर पन्नास पदार्थ दिसतात, पण मागे दोन-तीन पातेल्यांतच सगळं असतं. कांदा-टोमॅटोची लाल ग्रेव्ही, काजू-मगजाची पांढरी, सोबत उकडलेले बटाटे, वाटाणे, पनीर, शिजवलेली डाळ. ऑर्डर आली की वस्ताद कढई तापवतो, ग्रेव्हीची एक पळी, मसाला, वरून तडका, आणि एकाच पातेल्यातून चार नावांच्या भाज्या बाहेर पडतात. यात फसवणूक काहीच नाही. संख्या माहीत नसलेल्या स्वयंपाकघराने नुकसान टाळण्यासाठी काढलेला हा शहाणा मार्ग आहे, आणि जगभरची उपाहारगृहं थोड्याफार फरकाने त्याच मार्गाने चालतात.

आपल्या भागाने या युक्तीला स्वतःचा एक पदार्थ दिला आहे, तो म्हणजे शेवभाजी. घाट उतरला की खानदेश, आणि तिथल्या चवीचा अंमल घाटावरच्या कन्नडपर्यंत आलेला आहे. भरीत, दाल-बट्टी, पातोडीचा रस्सा हे सगळं इथे आपलंच मानलं जातं. पण ढाब्याच्या दृष्टीने शेवभाजीसारखा पदार्थ नाही. तिखट जाड शेव पिंपात महिनाभर टिकते. तिला निवडायचं नाही, चिरायचं नाही, शिजवायचं नाही. सुकं खोबरं, कांदा, लसूण आणि काळ्या मसाल्याचं वाटण परतून केलेला रस्सा उकळत ठेवायचा आणि ताट नेताना त्यात शेव सोडायची. आधी सोडली तर लगदा होतो, म्हणून ती शेवटच्याच क्षणी पडते, म्हणजे मागणी आल्यावरच खर्च होते. बाजारात भाजीला भाव काहीही असो, रात्री एक वाजता गिऱ्हाईक येवो की पहाटे चारला, शेवभाजी अडत नाही. एवढ्या चोख हिशेबाचा पदार्थ हॉटेलशाळेत बसून शोधून काढता आला नसता. तो रस्त्यावरच्या गरजेतून आला.

हिशेबाची दुसरी बाजूही सांगायला हवी. शंभर रुपयांच्या बिलात कच्च्या मालाचे तीस-पस्तीस रुपये असावेत, असं या धंद्यात शिकवतात. उरलेल्यात पगार, भाडं, वीज, गॅस. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा आणि व्यावसायिक १९ किलोचा, पण दोन्हींच्या किलोमागच्या दरात मोठी तफावत असते. म्हणून ढाब्याच्या मालकाचं लक्ष गल्ल्याइतकंच भट्टीवर असतं. गिऱ्हाईक नसताना तंदूर तापता ठेवायचा की विझू द्यायचा, हा त्याच्यासाठी रोजचा पैशांचा निर्णय आहे. ट्रक नेमाने यायचे तेव्हा तो सोपा होता.

आणि एक धोका. उरलेली ग्रेव्ही, उरलेला भात. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात शिजलेल्या अन्नात जंतू झपाट्याने वाढतात. भात मोठ्या पातेल्यात तसाच झाकून रात्रभर ठेवला तर तो मधोमध तासन्‌तास कोमट राहतो, आणि त्यातले काही जंतू असे असतात की त्यांनी सोडलेलं विष दुसऱ्या दिवशी परतूनही जात नाही. उथळ परातीत पसरून लवकर गार करून फ्रिजमध्ये ठेवणं, एवढाच यावरचा उपाय आहे. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याने टपरीपासून मोठ्या हॉटेलापर्यंत सगळ्यांना नोंदणी किंवा परवाना सक्तीचा केला, ५ ऑगस्ट २०११ पासून तो अमलात आला, आणि चौदा आकडी क्रमांकाचा कागद भिंतीवर चिकटलेला आता दिसतोही. परातीचं शहाणपण मात्र कागदाबरोबर येत नाही. ते कुणीतरी वस्तादाला शेजारी उभं राहून दाखवावं लागतं.

ढाब्याच्या अगदी उलट टोकाला खानावळ आहे. पिशोर, चिंचोली लिंबाजी, नाचनवेल, करंजखेड, लांब लांबची ही गावं. तिथली मुलं शिकायला कन्नडला येतात. रोज एसटीने ये-जा जमली नाही की खोली घेऊन राहतात. त्यांच्यासोबत बदलीवर आलेले कर्मचारी, बँकेतली माणसं, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे. या सगळ्यांना जेवू घालते ती एखाद्या घराच्या पुढच्या खोलीत चालणारी मेस. महिन्याचे पैसे आगाऊ, दोन वेळचं जेवण, ठरलेली भाजी, रविवारी दुपारी काहीतरी गोड आणि रात्री सुट्टी. इथे पानांची संख्या आदल्या दिवशीच पाठ असते. म्हणून फलक नाही, पर्याय नाही, ग्रेव्हीचं पातेलं नाही. बाजारात आज जे स्वस्त तेच ताटात.

खानावळीचं सगळं व्यवस्थापन खाड्याच्या नियमात आहे. गावी जाणार असशील तर आधी सांग, अमुक दिवसांपेक्षा जास्त राहिलास तरच खाडा धरीन. मुलांना हा नियम जाचक वाटतो. पण चाळीस पोळ्या लाटून झाल्यावर दहा माणसं आली नाहीत, तर त्या पोळ्या कुणाच्या? खाड्याचा नियम म्हणजे चुकलेल्या अंदाजाचा भुर्दंड मेसवाल्या बाईंनी एकटीने सोसायचा नाही, जेवणाऱ्याने त्यात वाटा उचलायचा, असा करार आहे. मुंबईच्या गिरणगावात असंख्य बायका याच करारावर गिरणी कामगारांना जेवू घालत होत्या. कामगाराचा पगार महिन्याने व्हायचा, किराणा मात्र रोज लागायचा, आणि मधल्या दिवसांसाठी त्या सावकाराच्या दारात जायच्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच ठिकाणी बोट ठेवून. बायकांना स्वयंपाक शिकवण्याची गरज नव्हती. बँकेचं कर्ज मिळवून देण्याची होती. कन्नडच्या मेसवाल्या बाईंनाही आज अडचण येते ती खेळत्या भांडवलाचीच, आणि तीही जून-जुलैत, जेव्हा नवी मुलं येतात आणि भांडी, शेगडी, धान्य सगळं एकदम भरायचं असतं.

बसस्थानकाजवळच्या नाश्त्याबद्दल थोडक्यात सांगतो. पोहे, वडा, मिसळ, आल्याचा चहा, आणि आलं तर याच तालुक्यातल्या शेतांतलं. इथे पानांची संख्या एसटीच्या वेळापत्रकावर चालते. पहाटेच्या गाड्या, कॉलेजची गर्दी, आठवडी बाजार. गाडीवाला हे सगळं डोक्यात ठेवतो आणि घाणा लहान काढतो. पुन्हा काढता येतो, हीच त्याची सोय.

लग्नाच्या आचाऱ्याचं शास्त्र मला सगळ्यांत थोर वाटतं, आणि ते आपल्या डोळ्यांदेखत मोडीत निघतंय म्हणून त्यावर जरा थांबतो. यजमान इसार द्यायला जातो तेव्हा आचारी शेकड्याने बोलतो. शेकड्याला किती रवा, किती डाळ, किती तेल, बुंदीला किती साखर. यादी तोंडपाठ असते. सामान यजमानाने भरायचं, आचाऱ्याने हात आणि अंदाज पुरवायचा. गावच्या लग्नाला पाचशे येतील की बाराशे, हे कुणीही सांगू शकत नाही. त्या दिवशी आणखी किती लग्नं आहेत, पाऊस झाला का, कापूस वेचणीला आला का, मका काढायचा आहे का, यावर ते ठरतं. जुना आचारी हे सगळं विचारून घेतो आणि मग आकडा धरतो.

पण त्याचा खरा आधार होती पंगत. पहिली पंगत बसली की किती पानं पडली हे दिसतं. किती पोळ्या गेल्या, भाजीच्या किती बादल्या रिकाम्या झाल्या, हे वाढपी येऊन सांगतात. मांडवाच्या दारात उभ्या असलेल्या माणसांवरून दुसऱ्या पंगतीचा अंदाज येतो. कमी पडेलसं वाटलं तर चुलवणावर दुसरं पातेलं चढतं, पुरेलसं वाटलं तर कणीक तशीच राहते. म्हणजे पंगत हे टप्प्याटप्प्याने अंदाज दुरुस्त करण्याचं साधन होतं. वाढणारी गावची पोरं, भावकीतली माणसं. मजुरी नाही, पण आग्रह आणि आवर दोन्ही त्यांच्या हातात. बुफेमध्ये हे सगळं गेलं. सगळं जेवण एकदम तयार असावं लागतं, आणि ताटात किती घ्यायचं हे पाहुणा ठरवतो. ताटाच्या दराने ठेका घेणारा केटरर मग स्वतःला वाचवण्यासाठी जास्तीच्या ताटांचे पैसे आधीच लावतो आणि पदार्थांची संख्या वाढवतो, कारण दर वाढवायला तेच कारण मिळतं. उरलेलं अन्न मांडवामागच्या खड्ड्यात जातं. पंगत जातीपातीच्या ओळींनी बसत होती, बायका शेवटी जेवत होत्या, हा तिचा कलंक खरा आहे आणि तो पुसलाच पाहिजे. तो पुसूनही पंगत ठेवता येते. सगळ्यांना एकाच ओळीत बसवणाऱ्या पंगती गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये रोज उठतात.

आणि सप्ताह. शेजारच्या वैजापूर आणि त्यापलीकडच्या श्रीरामपूर तालुक्यांच्या मधोमध, गोदावरीच्या पात्रात सराला बेट आहे. तिथल्या गंगागिरी महाराजांच्या नावाने श्रावणात अखंड हरिनाम सप्ताह होतो, जागा दरवर्षी बदलते, आणि जेवायला येणाऱ्यांची मोजदाद लाखांत होते. प्रसाद साधा: भाकरी आणि आमटी. एवढ्या भाकरी एका ठिकाणी थापणं कुठल्याही स्वयंपाकघराला शक्य नाही. म्हणून त्या गावोगावच्या घरांतून थापून येतात, ट्रॅक्टर भरभरून, आणि आमटी तेवढी सप्ताहाच्या ठिकाणी प्रचंड कढयांतून शिजते. वेळखाऊ, हाताचं काम हजारो चुलींवर वाटून दिलेलं, आणि एकसारखी चव लागणारं काम एका जागी ठेवलेलं. भाकरी जाड-बारीक असल्या तरी बिघडत नाही, टिकतात, पुढच्या दिवशीही चालतात. आमटी कमी पडली तर पाणी आणि डाळ वाढवता येते. चुकलेल्या अंदाजाचा भुर्दंड इथे शेकडो गावांत वाटला गेल्याने कुणालाच जाणवत नाही. मोठ्या कंपन्यांनी मध्यवर्ती स्वयंपाकघरं उभारली, त्यांच्याही पुढचा विचार या व्यवस्थेत आहे, असं मी गंभीरपणे म्हणतो.

आता सरकारी ताटाकडे. शिवभोजन योजना २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली. दोन चपात्या तीस-तीस ग्रॅमच्या, शंभर ग्रॅम भाजी, शंभर ग्रॅम वरण, दीडशे ग्रॅम भात. जेवणाऱ्याने दहा रुपये द्यायचे. ताटाची किंमत शहरात ५० आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरलेली, म्हणजे उरलेले ४० किंवा २५ रुपये सरकार केंद्रचालकाला देणार. आधी जिल्ह्याच्या ठिकाणी असलेली ही केंद्रं टाळेबंदीत तालुक्यांपर्यंत पोचली. त्या दिवसांत ताट पाच रुपयांना आणि पुढे काही महिने मोफत मिळालं. हातावर पोट असलेल्या माणसांना त्याचा केवढा आधार झाला, हे ज्यांनी त्या रांगा पाहिल्या ते विसरणार नाहीत.

या योजनेत पानांचा प्रश्न सुटलेला आहे, कारण केंद्राला ताटांची कमाल संख्या ठरवून दिलेली असते आणि प्रत्येक जेवणाऱ्याची नोंद मोबाइलवर फोटोसह होते. अडचण दुसरीकडे आहे. ग्रामीण केंद्रावर रोज शंभर ताटं धरा. सहा किलो चपात्या, दहा किलो भाजी, पंधरा किलो भात, दहा किलो वरण. दिवसाचे साडेतीन हजार रुपये. त्यातले हजार रुपये रोख हातात पडतात आणि अडीच हजार सरकारकडून यायचे असतात. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर ६२,५०० रुपये येणं झालं. किराणावाला एक महिना थांबेल, दोन महिने थांबेल. २०२५ मध्ये राज्यभरच्या अनेक केंद्रचालकांची देयकं महिनोन्‌महिने थकली, तेव्हा गरिबाचं ताट प्रत्यक्षात त्या केंद्रचालकाच्या उधारीवर चालत होतं. या चालकांत कितीतरी महिला बचत गट आहेत. गिरणगावच्या बायकांची गोष्ट पुन्हा तीच, फक्त उशिरा पैसे देणारा या वेळी सरकार आहे.

सगळ्यात शेवटी शाळा, कारण कन्नड तालुक्यात घराबाहेर शिजणारं जेवण गावागावांत रोज कुठे शिजत असेल तर ते जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये. १५ ऑगस्ट १९९५ ला देशात मध्यान्ह भोजनाची योजना सुरू झाली तेव्हा बऱ्याच ठिकाणी मुलांना कोरडं धान्यच मिळायचं. २८ नोव्हेंबर २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने शिजवलेलं जेवण हा मुलांचा हक्क झाला. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज शंभर ग्रॅम तांदूळ, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. सहावी ते आठवीला दीडशे ग्रॅम, ७०० कॅलरी, २० ग्रॅम प्रथिनं. २०२१ पासून तिचं नाव पीएम-पोषण आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्राने पाककृती वाढवल्या: पुलाव, मसालेभात, वेगवेगळ्या डाळींच्या खिचड्या, मोड आलेली कडधान्यं, नाचणीचं सत्त्व, तांदळाची खीर. मुलांसाठी ही चांगलीच गोष्ट झाली.

शाळेत पानांची संख्या हजेरीनंतर कळते. मुख्याध्यापक आकडा सांगतात, त्याप्रमाणे तांदूळ मोजून दिला जातो, चूल पेटते. शिजल्यावर मुलांना वाढण्याआधी मोठ्या माणसाने चव घ्यायची. हा नियम किती जीवनमरणाचा आहे ते १६ जुलै २०१३ ला बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावाने दाखवलं. कीटकनाशक मिसळलेल्या तेलात शिजलेलं जेवण खाऊन २३ मुलं दगावली. धान्याची खोली, तेलाचा डबा, पाण्याची टाकी, चव, नोंदवही, एवढी जबाबदारी असलेलं स्वयंपाकघर हॉटेलात असतं तर तिथे चार पगारदार माणसं असती.

इथे किती असतात? पंचवीस मुलांपर्यंत एक, सव्वीस ते शंभर मुलांना दोन, पुढच्या प्रत्येक शंभराला आणखी एक. बहुतेक बायका. तांदूळ निवडणं, भाजी चिरणं, शिजवणं, वाढणं, भांडी घासणं, जागा झाडणं. केंद्र सरकारने २००९ मध्ये त्यांचं मानधन महिना हजार रुपये ठरवलं. त्यातला केंद्राचा वाटा सहाशे, आणि तो आकडा वर्षानुवर्षं तिथेच राहिला. महाराष्ट्राने आपल्याकडून भर घालत २०२३ मध्ये ते अडीच हजारांवर नेलं. तेही वर्षातले दहाच महिने, कारण सुट्टीत शाळा बंद. महिन्याला पंचवीस दिवस शाळा धरली तर तेव्हा दिवसाचे शंभर रुपये झाले.

ढाब्याचा मालक चुकलेला अंदाज ग्रेव्हीच्या पातेल्यात मुरवतो. मेसवाल्या बाईंना खाड्याचा नियम वाचवतो. केटरर जास्तीची ताटं आधीच लावतो, सप्ताहाला गावं सांभाळून घेतात. शाळेतल्या स्वयंपाकिणीकडे यातलं काहीच नाही. मुलं जास्त आली तर हात तिचेच, इंधन भिजलं तर डोळे तिचेच, आणि काही बिघडलं तर पहिलं बोटही तिच्याकडेच. तिला ठेका नको आहे, नफा नको आहे. तिला बारा महिन्यांचा, किमान वेतनाच्या जवळ जाणारा पगार हवा आहे आणि वर्षातून दोन दिवसांचं नीट प्रशिक्षण हवं आहे, ज्यात कुणीतरी तिला पाण्याबद्दल, गार होणाऱ्या भाताबद्दल, डब्यांवरच्या चिठ्ठ्यांबद्दल समजावून सांगेल. आपल्या गावच्या शाळेत व्यवस्थापन समितीची बैठक होते, त्या समितीवर पालकांचे प्रतिनिधी असतात. पुढच्या बैठकीआधी त्यांना गाठा, नोंदवही मागायला सांगा, आणि स्वयंपाकिणीला शेवटचं मानधन कधी मिळालं हे इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.